सखीचं काम

ज्या वर्षी कोलेतला जुळं झालं आणि त्यातल्या थोरल्या मुलीची धर्ममाता म्हणून तिच्या सख्ख्या बहिणीला उभं राहू दिलं नाही, ते साल सोळाशे बहात्तर. जानेवारी होता. फ्रान्समधल्या रुआँ गावातला ओढा गोठला होता, रंगाऱ्यांची कामं बंद होती, आणि कोलेतचा नवरा रंगारी. त्यामुळे बाप्तिस्म्याला रिकामी माणसं भरपूर जमली.

फादर लमेरनी विचारलं, "धर्ममाता कोण?"

"मी, फादर," पेरीन म्हणाली. मूल तिच्याच हातात होतं.

"काम काय करतेस, बाई?"

"नाटकात आहे."

फादरनी मूल तिच्या हातातून काढून घेतलं. रागानं नव्हे, चुलीजवळून मूल उचलून बाजूला घ्यावं, तसं. शेजारी भट्टीवाली बाई उभी होती, तिच्या हातात दिलं. ती बिचारी पाव पोचवायला आली होती. ती धर्ममाता झाली.

"वाईट वाटून घेऊ नकोस ताई," कोलेत नंतर म्हणाली. "पण सोडत का नाहीस तू ते नाटक? तिथे काही तू राणी नाहीस."

"नाही. मी राणीच्या मागे असते."

"मग मागे काय, कुणीही उभं राहील."

यात खोटं काही नव्हतं. पेरीन गोदार एकोणीस वर्षं सखीचं काम करत होती. शोकांतिकेत राणीला एक सखी लागतेच. राणीला जे वाटतं ते तिनं कुणाला तरी सांगायला हवं, नाहीतर लोकांना कळणार कसं? सखीला स्वतःला काही वाटत नाही. तिला नवरा नसतो, भूक नसते, तिचा बाप कोण हे लिहिणारा लिहीत नाही. ती म्हणते, "देवा! हे मी काय ऐकते?" मग राणी चाळीस ओळी बोलते. मग सखी म्हणते, "महाराणी, कुणीतरी येत आहे," आणि कुणीतरी येतं. नाटक बदललं तरी हे बदलत नाही. पेरीनला अक्षरओळख झाली तिशी उलटल्यावर. तोवर ती सगळी कामं कानानंच उचलायची, आणि एकदाही अडली नव्हती.

तिची जागाही बदलत नसे. राणीच्या दीड पाऊल मागे, जरा डावीकडे.

राणी म्हणजे देझोर्मबाई. आणि राणीवर प्रेम करणारा राजपुत्र म्हणजे व्हालाँब्र. हे त्याचं रंगमंचावरचं नाव. घरचं नाव तूसाँ पिकार, एव्हरूच्या एका मेणबत्तीवाल्याचा मुलगा. मंडळीचं सगळ्यात चालणारं नाटक या दोघांचं होतं. राजपुत्राचं राणीवर प्रेम, राणीचं दुसऱ्यावर. पाचव्या अंकात राणी पडद्यामागे विष घेते, एक शिपाई येऊन ते सांगतो, आणि राजपुत्राला वेड लागतं. राणी पडद्यामागे मरते, कारण लोकांसमोर मरणं असभ्य समजतात. वेड लागलेलं चालतं.

व्हालाँब्रचं वेड नावाजलेलं होतं. आधी डोळे मोठे होत, मग हात पुढे येत, मग साप दिसत, मग भर दुपारी काळोख होई, मग रक्ताची नदी, आणि शेवटी दोन शिपायांच्या हातांवर अंग टाकून देणं. एकंदर अठ्ठावीस ओळी. रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसणारे बडे लोकसुद्धा तेवढा वेळ आपसात बोलत नसत.

देझोर्मबाईंवर त्याचं खरोखरच प्रेम होतं. हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं, छप्पर कुठे गळतं ते माहीत असतं तसं. गळतं तिथे कुणी बसत नाही, एवढंच. बाईंच्या मनात त्याच्याविषयी वाईट काही नव्हतं. "पाचवा अंक छान करतो," त्या म्हणायच्या. "फक्त तिसऱ्या अंकात श्वास फार तोंडावर सोडतो."

ओळींच्या बाहेर तूसाँ बाईंशी एक शब्द बोलला नव्हता. बोलायचा तो पेरीनशी. नाटक संपलं की ती केसांच्या सुया काढत असायची, आणि हा येऊन पेटीवर बसायचा.

"पेरीन, आज 'निष्ठुर' म्हणालो तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. पाहिलं ना?"

"पाहिलं."

"किती वेळ?"

"एक शिंक यावी इतका."

"काल इतका नव्हता."

"काल तिला सर्दी नव्हती."

तो हसायचा. मग बाईंचं बोलणं, बाईंचे हातमोजे, बाईंची चाल. पेरीन ऐकायची. ऐकणं तिला येत होतं.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण सखीला सखी नसते. राजपुत्र राणीला प्रेमाच्या ओळी म्हणे तेव्हा राणीचं तोंड बहुतेक वेळा लोकांकडे असे. त्याचा चेहरा पुरा दिसे तो फक्त पेरीनला. एकोणीस वर्षं, आठवड्यातून तीनदा, एक माणूस तिच्या दिशेनं असं बघत आला होता की कुठल्याही बाईला जन्मभर पुरावं. आणि ते सगळं दीड पाऊल अलीकडे थांबत होतं.

चार वर्षांपूर्वी मंडळीतला राजाचं काम करणारा लठ्ठ म्हातारा वारला. सकाळी ठीक होता, दुपारी गेला. पाद्रीला यायला वेळच मिळाला नाही. नाटकवाल्याला चर्चच्या आवारात जागा हवी तर मरण्याआधी शुद्धीवर असताना, पाद्रीसमोर, धंदा सोडला म्हणून लिहून द्यावं लागतं. म्हाताऱ्यानं दिलं नव्हतं. त्याला गावकुसाबाहेर चुन्याच्या भट्ट्यांपाशी पुरलं, प्रार्थना नाही, घंटा नाही. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी तिथे उकरलं. तूसाँ आणि पेरीननं जाऊन पुन्हा माती ओढली.

परतताना तो म्हणाला, "मला इथे टाकू देऊ नकोस."

"मी काय करणार?"

"ते मला माहीत नाही. पण मला कुत्र्यांची भीती वाटते, पेरीन. लहानपणापासून. शब्द दे."

तिनं दिला. त्यानं तिच्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट होती.

त्या बहात्तर सालच्या ईस्टरला नाटकं नेहमीप्रमाणे तीन आठवडे बंद झाली. करार याच सुट्टीत होतात. देझोर्मबाईंनी पॅरिसच्या मंडळीशी करार केला आणि दोन पेट्या व एक पोपट घेऊन त्या गाडीत बसल्या. सगळ्यांचा निरोप घेतला. तूसाँला म्हणाल्या, "बरंय, मस्यू व्हालाँब्र. श्वासाकडे लक्ष ठेवा."

सगळी मंडळी त्याच्याकडे बघत राहिली. मालक ग्राँलिए हळूच पुढे येऊन उभे राहिले. दोन शिपाई, म्हणजे शिपायांची कामं करणारे दोघे, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पडलाच तर झेलायला.

तो पडला नाही. "प्रवास सुखाचा होवो," म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं आपले मोजे धुतले.

"बघा, किती समजूतदार निघाला," ग्राँलिए म्हणाले. "मी तर सुरी-कात्री लपवून ठेवली होती."

त्यानंतर तूसाँ सुधारत गेला. तालमीला सगळ्यांआधी येऊ लागला. दारू सोडली. प्रत्येकाला वाकून नमस्कार करू लागला, पोशाखांच्या खुंट्यांनाही, पण ते अंधारात होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग तो मेणबत्त्यांत लक्ष घालू लागला.

नाटकाचा अंक मेणबत्तीइतका असतो. अर्ध्या तासात वाती काजळतात, धूर होतो, पुढच्या खुर्च्यांवरचे बडे लोक खोकू लागतात. मग अंक संपतो, झुंबरं खाली येतात आणि काजळी कातरणारा कात्री घेऊन फिरतो. मंडळीत हे काम एलुआबाबा करायचे. एके दिवशी दुसरा अंक संपला, तर राजपुत्र अंगरखा आणि तुरा यांसकट खाली बसून एक एक वात कातरत होता. लोकांनी टाळ्या दिल्या. त्यांना वाटलं, नवीन काहीतरी आहे.

"पोराचा हात चांगला आहे," एलुआबाबा म्हणाले. "अजिबात ठिणगी पडू देत नाही."

पेरीननं त्याला गाठलं. "तूसाँ, बरं आहे ना?"

"वात तिरपी कापू नये," तो म्हणाला. "सरळ कापावी. अप्पा नेहमी सांगतात."

त्याचे वडील जाऊन बावीस वर्षं झाली होती.

ती मालकांकडे गेली. "मालक, तूसाँचं डोकं ठिकाणावर नाही."

"व्हालाँब्रचं? अगं, इतका शहाणा तो कधीच नव्हता. ओरडतो का?"

"नाही."

"साप दिसतात म्हणतो का?"

"नाही."

"मग? एकोणीस वर्षं नाटकात काढलीस बाई, वेड काय असतं ते तुला माहीत नाही?"

मालकांनी तरी न्हावी-वैद्याला बोलावलं. तो दर शनिवारी पाचव्या अंकाला उभा असायचा, म्हणजे त्याला माहिती होती. त्यानं तूसाँचे डोळे पाहिले: मोठे नव्हते. हात पाहिले: पुढे आलेले नव्हते. रक्ताची नदी दिसते का विचारलं. तूसाँ म्हणाला, ओढ्यात आज लाल रंग सोडलाय खरा. ओढ्यात रंगाऱ्यांनी त्या दिवशी लाल रंग सोडलाच होता.

"उत्तम आहे," वैद्य म्हणाला, आणि रीत म्हणून थोडं रक्त काढून गेला.

नवी राणी आली, वेडाचं ते नाटक पुन्हा सुरू झालं. पण आता वेडाच्या प्रवेशात तूसाँ एका पायरीवर नीट बसून घ्यायचा आणि अठ्ठावीस ओळी हळू आवाजात म्हणायचा, जणू सापांना आत या, पाय पुसा असं सांगतोय. पेरीनच्या अंगावर काटा यायचा. लोक शिट्ट्या मारायचे. सप्टेंबरच्या शेवटी मालकांनी त्याला काढलं.

"वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना वाटतही होतं. "पण व्हालाँब्र, तुला आता वेड जमत नाही."

"खरं आहे," तूसाँ म्हणाला. तुरा काढून त्यानं खुंटीवर ठेवला आणि खुंटीला नमस्कार केला.

एलुआबाबांच्या ओळखीनं त्याला एका मेणबत्तीवाल्या विधवेच्या घरी खालची खोली मिळाली. तो तिच्या वाती वळून द्यायचा. पेरीन दुपारी तालमीआधी सूप घेऊन जायची. तिकडे राजाचं हॉलंडशी युद्ध चाललं होतं, मासळी महाग झाली होती, म्हणून बहुतेक कांद्याचंच. तो खायचा, आभार मानायचा, आणि वातींविषयी बोलायचा. वातींवाचून दुसरं काही विचारलं तर ऐकूच येत नसे. ती कोण, हेही त्याला नीट कळत नव्हतं. विधवेच्या नात्यातली असावी असा त्याचा समज दिसला.

नोव्हेंबरात त्याला ताप भरला. छाती वाजू लागली. विधवा पेरीनला जिन्याखाली घेऊन म्हणाली, "बाई, हा नाताळ बघत नाही. मी दोन नवरे घालवलेत, मला कळतं. पाद्रीचं बघा काय ते."

पेरीन फादर लमेरकडे गेली. ते बागेत कोबी काढत होते.

"नाटकवाला?" ते म्हणाले. "धंदा सोडतो असं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं. मालकानं काढलं म्हणजे सोडला असं होत नाही. आणि शुद्धीत म्हणायला हवं. वेडसर तर नाही ना?"

पेरीन त्यांनी काढलेला कोबी टोपलीत भरू लागली.

"कुणी जाणत्यानं लिहून दिलं तर चालेल," फादर म्हणाले. "आणि दुसरं. त्या वेळी खोलीत नाटकातलं कुणी नको. तूसुद्धा."

लिहून मिळायला अडचण आली नाही. न्हावी-वैद्यानं लिहिलं की सदर इसमाला तपासलं, साप नाहीत. मालकांनी तर आनंदानं लिहिलं: 'हा वेडा नाही याची मी खात्री देतो. वेड त्याला येत असतं तर मी त्याला काढलंच नसतं.' खाली सही आणि मंडळीचा शिक्का.

राहिलं त्याच्या तोंडचं वाक्य. फादरच्या कारकुनाकडून तिनं मजकूर लिहून आणला. चार ओळींचा होता, साधा. ती पलंगाशी बसून म्हणाली, "तूसाँ, म्हण. मी, तूसाँ पिकार, आजपासून नाटकाचा धंदा सोडतो."

"कुठलं नाटक?" तो नम्रपणे म्हणाला. "मी मेणबत्त्या करतो."

तीन दिवस हेच झालं. चौथ्या दिवशी ती थकली होती. सूप गार झालं होतं, कागद मांडीवर होता, आणि तिच्या तोंडून सवयीनं निघालं, जसं कण्हणं निघतं:

"बोला महाराज, काय मनी आले?"

तूसाँ उशीवरून उठून बसला. मान ताठ झाली. आणि तिसऱ्या अंकातलं भाषण, छत्तीस ओळी, एकही न चुकता त्यानं म्हटलं. संपल्यावर पुन्हा आडवा झाला आणि म्हणाला, "ही वात कोरडी आहे."

पेरीननं मांडीवरच्या कागदाची घडी घातली. त्या माणसाकडे जायला सगळी दारं बंद झाली होती, एक सोडून. आणि ते सखीचं होतं.

कारकुनाचा मजकूर साधा गद्य होता. त्याच्या कानाला तो चिकटत नव्हता. मग तिनं तो ओळींत बसवला. शोकांतिकेची ओळ बारा अक्षरांची, सहावर थांबायची. पेरीन अक्षरं बोटांच्या पेरांवर मोजायची. एका हाताची चार बोटं, बारा पेरं, एक ओळ. अंगठा मोजायला. तिनं याआधी कधी ओळ केली नव्हती. दोन दिवसांत आठ झाल्या.

मग तालीम. इथे आणखी एक अडचण आली. तो म्हणायला लागला की तिच्याकडे बघायचा नाही. तिच्या पुढ्यात, दीड पाऊल अलीकडे, बघायचा. तिथे कुणी नाही हे दिसलं की अडायचा. दुसऱ्या दिवशी पेरीन दीड पाऊल पुढे जाऊन उभी राहिली. यात काही वावगं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. काम व्हायला हवं.

तूसाँनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुम्ही जागा चुकलात," तो हळूच म्हणाला, तिचा अपमान होऊ नये अशा बेतानं. "तुमची जागा मागे असते."

"हो," पेरीन म्हणाली. "चुकलेच."

ती मागे सरली, आणि त्या जागी तिनं विधवेची खुर्ची आणून ठेवली.

आता उरली ती स्वतः. सखी नसेल तर राजपुत्र बोलणार नव्हता, आणि नाटकातली बाई खोलीत चालणार नव्हती. ती ग्राँलिए मालकांकडे गेली.

"मालक, मी सोडते."

"काय सोडतेस?"

"काम."

"मधेच? अगं, शनिवारी खेळ आहे! निदान ईस्टरपर्यंत..." मग ते थांबले, विचार केला, आणि खरे ते बोलले. "बरं. सखी काय, कुणीतरी करेल."

फादर लमेरसमोर तिचं काम काजळी कातरायला लागतो तेवढ्या वेळात उरकलं. सोडतेस का? सोडते. मनापासून? हो, फादर. तिनं सही केली. अक्षरं मोठी होती आणि शेवटचं ओळीच्या खाली घसरलं. एकोणीस वर्षांचं काम, त्याला आठ ओळीही लागल्या नाहीत.

"तुला तर विचारलंही नव्हतं मी," फादर म्हणाले.

"असू दे, फादर. उद्या त्याच्याकडे याल ना? सकाळी त्याला जरा हुशारी असते."

डिसेंबरच्या सात तारखेला सकाळी फादर आले, बरोबर कारकून. साक्षीला विधवा आणि एलुआबाबा होते. मेणबत्तीची काजळी काढणं हा धंदा, नाटक नव्हे, असं फादरनी आधीच ठरवून दिलं होतं.

"इथे बसा, फादर," पेरीन म्हणाली, आणि तिनं त्यांना त्या खुर्चीवर बसवलं. स्वतः त्यांच्या मागे गेली. दीड पाऊल, जरा डावीकडे.

"तूसाँ पिकार," फादरनी सुरुवात केली, "तू ज्या धंद्यात..."

"चरबी आज महाग आहे," तूसाँ म्हणाला.

कारकुनानं लेखणी वर केली. पेरीन घाबरली. एकोणीस वर्षांत तिला कधी भीती वाटली नव्हती. सखी चुकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तिनं हात एकमेकांत गुंफले, खाली पाहिलं, आणि नेहमीच्या आवाजात, फार मोठा नाही, फार लहान नाही, म्हटलं:

"बोला महाराज, काय मनी आले?"

"महाराज?" फादरनी मान वळवली.

"लाडानं म्हणतात हो," एलुआबाबा म्हणाले. "आजारी माणूस आहे."

तोवर तूसाँ उठून बसला होता. त्यानं समोर पाहिलं. राणीच्या जागेवर कुणीतरी होतं. त्याचा चेहरा उजळला, आणि सगळं प्रेम, जितकं शिल्लक होतं तितकं, त्यानं फादर लमेरच्या चेहऱ्यावर टाकलं.

"सोडिला मी मंच, सोडिला तो वेष,
उरली न आता वासनाही शेष..."

फादर लमेर साठीचे होते, जाड होते, नाकावर चामखीळ होती. त्यांच्याकडे जन्मात कुणी असं पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत किंचित मागे सरकले आणि मग तिथेच राहिले. पेरीनला त्यांचे कान लाल होताना दिसले. आणि त्यांच्या खांद्यावरून तिला दिसत होता तूसाँचा चेहरा, पुरा, नेहमीसारखा.

"खोटे अश्रू माझे, खोटी तरवार;
उघडा हो आता देवाचे ते दार."

तो थांबला. खोलीत विधवा रडत होती. एलुआबाबा रडत नव्हते, पण त्यांनी नसलेली कात्री खिशात शोधली.

"लिहा," फादर कारकुनाला म्हणाले. "नाटकवाले खोटं बोलतात असं ऐकत आलो. इतक्या मनापासून हे म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही." त्यांनी मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं, प्रार्थना म्हटली. तूसाँनं सगळं नीट करून घेतलं. मग तो म्हणाला, "अंक संपला. मेणबत्त्या बघा," आणि डोळे मिटले.

एलुआबाबांनी उठून उशाकडची वात कातरली. सरळ.

पुढच्या वसंतात मंडळीतलं कुणी पॅरिसला जाऊन आलं. त्यानं देझोर्मबाईंना बातमी सांगितली होती. "अरेरे," बाई म्हणाल्या होत्या. "पाचवा अंक छान करायचा." वाईट बोलल्या नाहीत.

पेरीन बहिणीकडे राहिली, रंगाऱ्यांचं कापड वाळत घालायची. चौऱ्याहत्तर साली कोलेतला आणखी एक मुलगी झाली, तेव्हा धर्ममाता तीच होती. फादर लमेरनी मूल स्वतः तिच्या हातात दिलं.

पुढे वीस वर्षांनी, दुष्काळात, तिची स्वतःची घटका भरत आली तेव्हा तेच फादर आले. ऐंशी उलटले होते, दोघांनी धरून आणावं लागलं. तिनं सगळं सांगितलं: तो शुद्धीत नव्हता, त्या ओळी होत्या, तालीम झाली होती.

फादरनी बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला.

"बारा अक्षरं मी तेव्हाच मोजली होती," ते म्हणाले. "पाद्रीशाळेत आम्हालाही शिकवतात. कुणाच्या होत्या ओळी?"

"माझ्या."

"शेवटची चांगली होती," फादर म्हणाले, आणि तिला क्षमा दिली.

तूसाँ पिकार, ज्याला लोक व्हालाँब्र म्हणत, ९ डिसेंबर १६७२ रोजी सकाळी वारला. त्याला चर्चच्या आवारात उत्तरेच्या भिंतीपाशी पुरलं, घंटा वाजली. पेरीन गोदार १६९४ च्या फेब्रुवारीत, बहिणीच्या घरी वारली. तिलाही त्याच आवारात पुरलं. आवाराला भिंत आहे, कुत्री आत येत नाहीत.